दिवस भरण्याआधी

१९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचे साडेपाच आठवडे आधी जन्मलेले बाळ श्वास न पुरून ३९ तासांत गेले. कोवळ्या फुप्फुसांत स्निग्ध लेप नसला की वायुकोश मिटतात, हे डॉ. मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ सालीच दाखविले होते; पण उपाय सत्तेपाशीही नव्हता. १९७२ साली न्यूझीलंडमधून तो पुढे आला. प्रसूतीपूर्वी आईला दिलेले स्वस्त इंजेक्शन हा धोका पुष्कळ घटविते. मात्र ते वेळेवर हवे. जळगावच्या जिनिंगमधली, धुळ्याच्या शेतातली मजूरबाई रोजी बुडेल म्हणून अवेळी आलेली कळ अंगावर काढते. म्हणून माझी मागणी एकच आहे. दवाखान्याच्या दिवसाची मजुरी तिला मिळालीच पाहिजे. छाती आत ओढत कण्हणाऱ्या बाळाला मागणी मांडता येत नाही. ती आपणच मांडावयाची आहे.