सिराजची गझल, आबिदांचा आवाज

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, गुलमंडी बाजारात संध्याकाळी दुकानादुकानांतून सिनेमाची गाणी ऐकू येतात. पण याच शहरात जन्मलेली एक गझल मला तिथे कधी ऐकायला मिळाली नाही, याची खंत वाटते. ती म्हणजे ‘खबर-ए-तहय्युर-ए-इश्क’. कवी सिराज औरंगाबादी.

सिराज अठराव्या शतकातले सूफी. वली दखनींनंतर दख्खनच्या उर्दू कवितेतलं हे मोठं नाव. तरुणपणीच त्यांनी गुरूंच्या सांगण्यावरून कविता लिहिणं सोडलं. या गझलेत प्रेमाचा विस्मय इतका पराकोटीला जातो की प्रेयसी उरत नाही, प्रियकर उरत नाही आणि वेडही उरत नाही. सगळं सुख जळून गेल्यावर दुःखाची एकच फांदी हिरवी राहते. सिराज तिला हृदय म्हणतात.

ही गझल आबिदा परवीन यांच्या आवाजात ऐका. सिंधमधल्या लारकान्यात 1954 साली जन्मलेल्या आबिदांना पहिली तालीम वडिलांनी, उस्ताद गुलाम हैदर यांनी दिली. भरदार, खुला आवाज. दिखाऊपणा अजिबात नाही. आबिदा आधी शब्द नीट पोचवतात, मगच सूर उंच नेतात.

या गझलेच्या ओळीची चालही वेगळी आहे. ‘ललगालगा’ (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू) हा सात मात्रांचा तुकडा एका ओळीत चार वेळा येतो. बेगम अख्तर यांनी गायलेली कवी मोमिन यांची गझल ‘वो जो हम में तुम में’ याच वृत्तातली. दोन्ही गझला लागोपाठ ऐका, लय लगेच ओळखू येईल.