पाव एकराचा इतिहास



आपल्याकडे जवस पेरतात ते मुख्यतः तेलासाठी. आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात ते पेरले जाई खोडातील धाग्यासाठी. पीक उपटायचे, डबक्यात कुजवायचे, कुटून धागा मोकळा करायचा आणि मग चरखा व माग. पाच-दहा एकरांचे कूळ हे सारे घरातच करी. बायकामुलींनी सूत काढायचे, पुरुषाने विणायचे आणि लिननचे ठाण बाजारात विकून जमीनदाराचा खंड भरायचा. एकोणिसाव्या शतकातील हा मनुष्य शेतकरी होता की विणकर, हा प्रश्नच गैरलागू आहे. जमीन अपुरी होती म्हणून त्याने माग धरला, आणि मागाचा भरवसा नव्हता म्हणून त्याने जमीन सोडली नाही.

अशा घराण्याचा इतिहास शोधू जाता पहिले नाव बहुधा 1796 च्या एका यादीत सापडते. जवसाची लागवड वाढावी म्हणून सरकारी लिनन मंडळाने बक्षिसे लावली होती: एका एकराला चार चरखे, पाच एकरांना एक माग. सुमारे साठ हजार नावांची ही यादी आजही उपलब्ध आहे. पाव एकर जवस म्हणजे एक चरखा, असा तो हिशेब होता.

मात्र या यादीत नाव आहे ते पेरणाऱ्याचे. चरखा फिरवणारी त्यात क्वचितच दिसते. पुढे दशांश कराची वही आली, 1847 ते 1864 या काळात जमिनीच्या मूल्यांकनाची दप्तरे तयार झाली. तेथेही कुटुंबप्रमुखाचे नाव, जमिनीचे क्षेत्र आणि आकारणी एवढेच. राज्यसंस्था गरिबाची ओळख ठेवते ती वसुलीपुरती.

1825 मध्ये जवसाचे बारीक सूत यंत्रावर कातण्याची ओली पद्धत निघाली. 1830 पासून बेलफास्टच्या गिरण्यांतून ते सूत बाहेर पडू लागले आणि काही वर्षांतच घरोघरचे चरखे थांबले. विणकराला आता व्यापाऱ्याकडून सूत घ्यावे लागे आणि ठाणाच्या दराने मजुरी पत्करावी लागे. स्वतःच्या मालाचा धनी अशा रीतीने मजूर झाला. त्यातच 1845 मध्ये बटाट्यावर रोग पडला. 1841 साली सुमारे 82 लाख असलेली आयर्लंडची लोकसंख्या 1851 मध्ये सुमारे 66 लाखांवर आली.

याच दुष्काळात, 1847 मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटने ठरविले की पाव एकराहून अधिक जमीन धरून असलेल्याला सरकारी मदत मिळणार नाही. अर्धशतकापूर्वी ज्या पाव एकरावर राज्यकर्त्यांनी चरखा बहाल केला, त्याहून थोडी अधिक जमीन आता उपाशी माणसाचा अपराध ठरली. जमीन सोडा अथवा भुकेने मरा, हाच त्या कायद्याचा अर्थ होता.

या कुटुंबांची नावे शिरगणतीत होती. पण 1861 ते 1891 या चार शिरगणत्यांची मूळ पत्रके सरकारनेच नष्ट केली आणि त्याआधीची बहुतेक पत्रके 1922 च्या यादवी युद्धात डब्लिनच्या दप्तरखान्याला लागलेल्या आगीत गेली. तरीही काही तुकडे उरले, आणि ते कसे उरले हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

1908 च्या कायद्याने सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग निवृत्तिवेतन मिळू लागले. वयाचा पुरावा हवा होता, आणि सर्वांच्या जन्माची नोंद तर 1864 पासूनची. मग वृद्ध स्त्रीपुरुषांनी अर्ज केले: आईबापांचे नाव अमुक, गाव तमुक, 1841 किंवा 1851 च्या शिरगणतीत पाहावे. कारकुनांनी शोध घेऊन उतारे केले. मूळ पत्रके जळाली, पण हे अर्ज व उतारे वाचले. त्यांत आईचे नाव आहे आणि दुष्काळाआधी जन्मलेल्या मुलीचेही आहे. वसुलीच्या वह्यांनी जिला वगळले ती हक्काच्या अर्जात सापडते.

महाराष्ट्रातील विणकर, कूळ आणि शेतमजूर यांची कहाणी याहून फार वेगळी नाही. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या स्त्रीचे नाव सातबाऱ्यावर बहुधा नव्हते. ते होते कामावरच्या हजेरीपटावर. म्हणून कार्यकर्त्याने एखाद्या वृद्धेचा अर्ज भरून देताना तो घाईने उरकू नये. तिचे, तिच्या आईचे आणि गावाचे नाव नीट लिहावे, व एक प्रत जपून ठेवावी. आज तो मागणीचा कागद असेल. उद्या त्या घराण्याच्या इतिहासाचे तेवढेच एक पान उरलेले असेल.