नववी नववीच राहू द्या
(माध्यमिक मुख्याध्यापक व शिक्षकांच्या जिल्हा अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



मी गणिताची शिक्षिका. नोकरीची सारी वर्षे आठवी ते दहावीच्या वर्गांत गेली. सेवाशर्ती, संचमान्यता, अनुदान हे विषय खुल्या सत्रातले वक्ते माझ्यापेक्षा अधिकाराने मांडतील. मी माझा वेळ एका इयत्तेला देणार आहे. ती इयत्ता म्हणजे नववी.

महाविद्यालयीन प्रवेशाची तयारी म्हटली की पालकांना बारावी दिसते, फार तर अकरावी. आपण दहावीच्या निकालापाशी थांबतो. पण मूल पुढे कुठल्या महाविद्यालयाच्या दारात उभे राहणार, हे पुष्कळसे आठवीच्या जूनपासून नववीच्या एप्रिलपर्यंत ठरून गेलेले असते. आणि नेमकी हीच दोन वर्षे आपण वाऱ्यावर सोडली आहेत.

नववीचे काय होते ते इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दिवाळीपर्यंत निम्मा भाग होतो, जानेवारीत उरलेला गुंडाळला जातो आणि उन्हाळी सुट्टीत, कधी त्याआधीच, दहावीचा पहिला धडा सुरू होतो. भूमितीतल्या रचना घरून करून आणायला सांगतात. सांख्यिकीला दोन तास मिळतात. नववीच्या पुस्तकात बहुपदी आहेत, वास्तव संख्या आहेत, त्रिकोणमितीची पहिली ओळख आहे. दहावीचे गणित यांवरच उभे आहे आणि अकरावीचे तर त्याहून जास्त.

विज्ञानाचे उदाहरण अधिक बोलके आहे. नववीत ‘द्रव्याचे मोजमाप’ नावाचा धडा आहे. रेणुवस्तुमान आणि मोल या संकल्पना मुलांना तिथे पहिल्यांदा भेटतात. अकरावी विज्ञानच्या रसायनशास्त्रात अगदी सुरुवातीलाच तोच मोल पुन्हा येतो, या वेळी इंग्रजीतून आणि हे सगळे येतच असणार असे गृहीत धरून. नववीत तो धडा ‘महत्त्वाचे प्रश्न’ लिहून देऊन उरकला असेल, तर मराठी माध्यमातून गेलेले मूल पहिल्या पंधरवड्यातच मागच्या बाकावर सरकते. घरी सांगते, मला सायन्स झेपत नाही. त्याला सायन्स झेपत होते. आपण त्याला एक धडा शिकवला नव्हता, एवढेच.

एमएचटी-सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के भार असतो, हे शिकवण्या सर्वांना सांगतात. नववी त्या हिशेबात कुठेच नाही. पण गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे असतात आणि २०० पैकी १०० गुण तिथेच आहेत. ज्याचे बैजिक राशींचे अवयव नववीत पक्के झाले नाहीत, त्याला तो पेपर वेळेत सुटत नाही.

आता एक कटू गोष्ट. ती घरातल्या माणसांतच बोलायची असते आणि हे आपले घर आहे. दहावीचा निकाल १०० टक्के लागला पाहिजे, फलक लागला पाहिजे, या दडपणाखाली नववीत मुले गाळली जातात. कुणाला नापास करतात. कुणाच्या वडिलांना बोलावून १७ नंबरचा फॉर्म भरण्याचा सल्ला देतात. काही कारणाने शाळा सुटलेल्यांना परत येता यावे, म्हणून ही खासगीरीत्या परीक्षेला बसण्याची सोय आहे. वर्गात बसलेल्या मुलाला बाहेर काढण्यासाठी ती वापरणे हा माझ्या मते अन्याय आहे. आठवीपर्यंत बहुतेकांना कुणी अडवलेले नसते. पहिला खरा अडथळा नववीत येतो आणि त्याच वेळी शाळेने हात सोडलेला असतो. त्या मुलांतली किती पुन्हा कुठल्या वर्गात बसतात, ते आपापल्या गावात फिरून पाहा.

दुसऱ्या टोकाला ज्यांना परवडते त्यांची मुले आहेत. सहावी-सातवीपासून ‘फाउंडेशन’च्या बॅचेस आहेत, लातूर आणि पुण्याच्या जाहिराती तालुक्याच्या एसटी स्टँडवर लागल्या आहेत. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गांत प्रवेश देऊ नये असे म्हटले. जाहिराती थांबल्या नाहीत. मी पालकांना दोष देत नाही. शाळेत नववी नीट शिकवली जात नाही असे दिसल्यावर ते दुसरे काय करणार? पण तेरा वर्षांच्या मुलाला जेईईचे बहुपर्यायी प्रश्न घोकायला लावणे ही तयारी नव्हे. त्या वयात एक गणित तासभर न सुटता समोर राहावे, एखादा प्रयोग स्वतःच्या हाताने फसावा, पाठ्यपुस्तकाबाहेरची पुस्तके वाचावीत, चार पानांचा निबंध स्वतःच्या भाषेत लिहिता यावा. पुढे कुठलीही प्रवेशपरीक्षा आली तरी हे कामी येते. जेईई मेन आणि नीट या दोन्ही परीक्षा मराठीतूनही देता येतात. अडचण भाषेची आहे त्यापेक्षा वाचून अर्थ लावण्याची अधिक आहे.

आणि कागदपत्रे. हा विषय अध्यक्षीय भाषणाला शोभत नाही असे कुणाला वाटेल, पण मी मुद्दाम त्यावर थांबणार आहे. प्रवेश गुणांवर मिळतो आणि कागदावर अडतो. जातीच्या प्रमाणपत्रासाठी वास्तव्याचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा. म्हणजे आजोबांचा, कधी पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधावा लागतो. त्यानंतर पडताळणी समिती. मग नॉन-क्रीमीलेअर, अधिवास, उत्पन्नाचा दाखला. बारावीच्या निकालानंतर ही धावपळ सुरू झाली की बाप मजुरी बुडवून प्रांत कचेरीत खेटे घालतो, शासन मुदतवाढ देते आणि तरीही काही मुलांची राखीव जागा जाते. ज्या कुटुंबात आजोबा शाळेतच गेले नव्हते, त्याची अडचण तर आणखी मोठी.

यातला मोठा पुरावा कुठे असतो? गावातल्या जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, वाळवी लागलेल्या कपाटात. तो आपल्याच ताब्यात आहे. आठवीत मूल दाखल झाले की त्याचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात हे सगळे रजिस्टर, आधार आणि पालकांच्या कागदांशी एकदा ताडून पाहा. नावातली किंवा तारखेतली चूक मूल शाळेत असताना दुरुस्त होणे सोपे असते. दहावीचे प्रमाणपत्र हाती पडल्यावर तीच दुरुस्ती वर्ष खाते.

एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षाही याच वयाची. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतली, साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतली आठवीची मुले तिला बसतात. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. मजुराच्या घरात ही रक्कम मुलीला शाळेत टिकवू शकते. काही शाळा निवडक पाच मुले बसवतात, म्हणजे निकाल चांगला दिसतो. पात्र असलेली सगळी बसवा. बौद्धिक क्षमता चाचणीचा सराव रोज अर्धा तास झाला तरी वर्गाचा पोत बदलतो, हे मी वर्गात पाहिले आहे.

मुलींबद्दल वेगळे बोलायला हवे. आपल्या भागात मुलीला पुढे शिकवायचे की नाही, हा निर्णय दहावीच्या निकालानंतर होत नाही. तो नववीत, घरात, तिला न विचारता होतो. म्हणून माहिती त्याआधी घरात पोचली पाहिजे. बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. २०२२ पासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुली दाखल होऊ लागल्या आहेत. पण नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. अकरावीत ‘गणित नको’ म्हणून सोडणाऱ्या मुलीला आपण कोणती दारे बंद होतात हे सांगितले होते का? दहावीनंतर पॉलिटेक्निक करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, हे किती पालकांना माहीत आहे? अकरावीचा ऑनलाइन प्रवेश २०२५ पासून राज्यभर लागू झाला. पसंतीक्रम भरताना मुले सायबर कॅफेवाल्याचा सल्ला घेतात. तो सल्ला त्यांना आपल्याकडून मिळायला हवा होता.

उद्याच्या खुल्या सत्रात ठराव येतील. माझी विनंती आहे की त्यात तीन गोष्टी घ्याव्यात. नववीचा अभ्यासक्रम मार्चअखेरपर्यंत पूर्ण शिकवायचा आणि त्याआधी दहावीचे पुस्तक उघडायचे नाही. पालकांची लेखी मागणी आणि मुलाची स्वतःची इच्छा असल्याशिवाय नववीतल्या कुणालाही १७ नंबरचा फॉर्म सुचवायचा नाही. आणि आठवीच्या पहिल्या सत्रात प्रत्येक मुलाच्या कागदांची तपासणी शाळेने करायची. यांतल्या एकाही गोष्टीला शासनाचा निर्णय लागत नाही, अनुदान लागत नाही. हे ठराव मांडणारे आणि अनुमोदन देणारे शिक्षक तुमच्यातूनच पुढे यावेत आणि या जूनपासून आपापल्या शाळेत त्यांची अंमलबजावणी व्हावी, एवढे आवाहन करून मी थांबते.