चावडीवरचे वाचन आणि पडद्यावरची टिपणी



सन २०१७ मध्ये राज्यात चावडीवाचनाची मोहीम झाली, हे ग्रामपंचायत सदस्यांच्या स्मरणात असेलच. हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा यांत तफावत राहू नये, म्हणून तलाठ्यांनी गावोगावी खातेदारांना उतारे वाचून दाखविले व हरकती नोंदवून घेतल्या. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १ मे २०१८ रोजी आला, तो त्यानंतर. 'उताऱ्यात गडबड आहे' एवढे मोघम बोलून तेथे भागत नव्हते. कोणता गट, कोणता रकाना, हे बोट ठेवून दाखवावे लागे.

दि. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याच्या मोबाईलवर आली. अशा कोणत्याही ॲपचा किंवा संकेतस्थळाचा प्रथम कच्चा नमुना करतात. बटणे दिसतात, पाने उलटतात, परंतु आत खरे काम अद्याप सुरू झालेले नसते. चूक दाखविण्याची खरी वेळ हीच होय.

समजा, रावेर-यावल भागासाठी पीकनोंदीचा एखादा नमुना झाला आणि त्यात हंगाम म्हणून खरीप व रब्बी एवढेच पर्याय ठेवले. केळी उत्पादक तेथेच अडेल. जून-जुलैची मृगबाग आणि ऑक्टोबरच्या सुमाराची कांदेबाग हा भेद त्याच्या रोजच्या बोलण्यातला. शिवाय पहिला घड कापल्यावर राखलेली पिलबाग कोठे दाखवावी? हीच गोष्ट त्याने पंधरा दिवसांनी बैठकीत सांगितली, तर इतिवृत्तात 'केळीबाबत अडचणी आहेत' एवढेच वाक्य उतरते, आणि नमुना करणारा दूर शहरात त्या वाक्याचा अर्थ लावीत बसतो.

यावर उपाय म्हणजे नमुन्याच्या पानावरच टिपणीची सोय करणे. पाहणाऱ्याने अडलेल्या रकान्यावर बोट टेकावे, लहानशी चौकट उघडावी, त्यात त्याने आपल्या शब्दांत लिहावे. कोणते पान, कोणता रकाना, पडदा केवढा, नमुना कितवा, ही माहिती टिपणीबरोबर आपोआप साठते. मात्र टिपणी त्या रकान्याच्या ओळखखुणेशी बांधलेली असावी. केवळ पडद्यावरील जागेशी बांधली, तर पानाची मांडणी बदलताच ती भलत्याच बटणावर जाऊन बसते.

दोन पथ्ये आवश्यक आहेत. नमुन्यात खऱ्या खातेदारांची नावे व क्षेत्रे भरू नयेत, कारण टिपणीसाठी दिलेला दुवा कोठवर पोहोचेल याचा नेम नसतो. दुसरे असे, की सर्वांच्या टिपण्या आरंभीच सर्वांना दिसू लागल्या, तर सरपंचांनी 'छान आहे' लिहिल्यावर खालचे दहाजण तेच लिहितात. प्रथम प्रत्येकाने स्वतंत्र पाहावे, मग टिपण्या खुल्या कराव्यात.

लिहिता न येणाऱ्याचे काय, हा प्रश्न शिरपूरच्या सातपुड्यातील पाड्यांवर लगेच उभा राहील. तेथे पावरी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती मोबाईल द्यावा, शेजारी शिक्षकाने बसावे. तो जेथे थांबेल तेथे शिक्षकाने त्याचे म्हणणे टिपावे, आपले मत त्यात मिसळू नये. संपर्क क्षीण असलेल्या ठिकाणी टिपणी मोबाईलवरच राहावी व संपर्क मिळताच पुढे जावी. आणि प्रत्येक टिपणीखाली तिचे उत्तर असावे. दुरुस्ती झाली असल्यास तसे, झाली नसल्यास का नाही ते.