आई, याडी, अम्मी



अंबाजोगाईत मराठीबद्दल बोलायला उभं राहिलं की मन आपसूक मुकुंदराजांकडे, दासोपंतांकडे जातं. मी आज याच तालुक्यातल्या आपेगावकडे वळणार आहे. शंकरबापू आपेगावकर तिथले. त्यांच्या पखवाजाला 1986 साली पद्मश्रीचा मान मिळाला. आपल्या शाळांत मात्र वाद्य येतं ते स्नेहसंमेलनापुरतं. मला ते रोजच्या मराठीच्या आणि गणिताच्या तासाला हवं आहे.

आपला वर्ग डोळ्यांपुढे आणा. बंजारा तांड्यावरचं मूल घरी गोरबोली बोलतं, शेजारचं दखनी बोलतं. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि कितीतरी मुलं आईबापांबरोबर उसाच्या फडावरच्या कोपीत राहायला जातात. मागे राहिलेल्यांतली काही हंगामी वसतिगृहात असतात. हंगाम संपून साखर कारखान्याचा पट्टा पडल्यावर मुलं परततात, तोवर पुस्तक पुढे गेलेलं असतं. अशा मुलाला लगेच 'वाच' म्हटलं की ते मान खाली घालतं. त्याच्या हाती डिमडी द्या, ते वर्गाच्या ठेक्यात लगेच मिसळतं. ठेका काही पाच महिन्यांत पुढे निघून जात नाही.

आपल्या भाषेनं एक सोय करून ठेवली आहे. अक्षराला मात्रा असतात आणि तालातही मात्रा असतात. ह्रस्वाची एक, दीर्घाच्या दोन. 'दिन' आणि 'दीन' बोलताना सारखेच ऐकू येतात, म्हणून तर पहिली-दुसरी वेलांटी चुकते. वाजवताना मात्र ते वेगळे ठेवता येतात. एकदा मी मुलांना घरातला सगळ्यांत जवळचा शब्द वाजवायला सांगितला. कुणी 'आई' वाजवलं, कुणी 'याडी', कुणी 'अम्मी'. तिन्हींत दोन-दोन गुरू, म्हणजे दोन मात्रांची अक्षरं ('अम्मी'तला 'अ' पुढच्या जोडाक्षरामुळे गुरू), प्रत्येकी चार मात्रा. तिन्ही शब्द एकाच ठेक्यात बसले. 'याडी' वाजवणारी तांड्यावरची मुलगी तोवर वर्गात एक शब्द बोलली नव्हती. त्या दिवशी तिनं आपला शब्द सगळ्यांना शिकवला.

गणिताचंही तसंच. भजनी ठेका आठ मात्रांचा. एका मात्रेत दोन टाळ्या बसवल्या की अर्धा कळतो, चार बसवल्या की पाव. हलगीवर बाजरीचे दाणे टाकून थाप मारा, दाणे नाचतात आणि कंपन डोळ्यांना दिसतं. तुणतुण्याची तार पिळली की स्वर चढतो. वाद्यासाठी पैसे नसतील तर डब्यात ज्वारी भरून वाजवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला 1945 पासून मुलांच्या आसपास मिळणाऱ्या वस्तूंतूनच शिक्षण उभं केलं.

आता एक अवघड गोष्ट, आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे वाद्याला जात चिकटलेली आहे. हलगी कुणी वाजवायची, संबळ कुणी धरायचा, हे गावानं पिढ्यान्‌पिढ्या ठरवून टाकलं होतं. नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडून मोठी चूक झाली. एका मुलाच्या घरात हलगी होती, म्हणून मी कौतुकानं वर्गातली हलगी त्यालाच दिली. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. म्हणाले, "गुरुजी, ही सुटावी म्हणून तर त्याला शाळेत धाडलं." मला उत्तर सुचलं नाही. मी त्यांची माफी मागितली.

त्यानंतर माझ्या वर्गात वाद्य हजेरीच्या क्रमानं फिरू लागलं. दर सोमवारी प्रत्येकाचं वाद्य बदलायचं, कुणाला सूट नाही. काही घरांतून हलगीला विरोध झाला. मी त्या घरी जाऊन बसलो, बोललो, पण क्रम मोडला नाही. पाटलांच्या घरातली मुलगी हलगी उन्हात तापवायला शिकली, आणि त्या मुलापुढे पेटी आली. काही दिवसांनी त्याचे वडील पुन्हा आले. बराच वेळ दारात उभे राहिले. मग आत येऊन पोराशेजारी बसले आणि भाता कसा ओढायचा ते त्यालाच विचारू लागले.