ओढू नका, ताण धरा

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेलं छोटंसं भाषण)



मसाला दूध आटेपर्यंत मला वेळ दिलाय आणि विषय आहे नाच. हसू नका! इंजिनियरिंगची चार वर्षं गॅदरिंगमध्ये स्पीकरच्या वायरी जोडण्यापलीकडे मी स्टेजजवळ फिरकलो नव्हतो.

दोन वर्षांपूर्वी बायकोच्या आग्रहाने आम्ही मोझलीत लिंडी हॉपच्या क्लासला जायला लागलो. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या कृष्णवर्णीयांनी घडवलेला हा जोडीचा नाच १९२६ साली उघडलेल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये बहरला. स्टेप्स मी पाठ केल्या, चक्क फ्लोचार्ट काढून. तरी सहाव्या आठवड्यात ही गाडीत म्हणाली, "तू सामान हलवल्यासारखा ओढतोस मला. खांदा दुखतो. पुढच्या मंगळवारी तू एकटाच जा." बाहेर बर्मिंगहॅमचा पाऊस, आत वायपरचा आवाज, आणि आम्ही दोघं गप्प.

तेव्हा आई साताऱ्याहून आली होती. दाराची मूठ धरून माझा चाललेला सराव बघून म्हणाली, "अरे, फुगडीत कोपर मुडपतात का? ये इकडे." हातांची अढी घातली, पायाला पाय भिडवले. "रेल मागे. पाडत नाही तुला."

पासष्टीची आई आणि ऐंशी किलोचा मी, किचनमध्ये गरगर! फुगडीत कोणी कोणाला ओढत नाही. दोघी आपापलं वजन मागे देतात, हात फक्त दोरीसारखे. एकीने कोपर मुडपलं की दुसरी पुढे कोलमडते.

लिंडीत एवढं रेलायचं नसतं, प्रत्येकाचा तोल आपल्याच पायांवर. पण ताण तसाच हवा. बोटं हुकासारखी, कोपर किंचित वाकलेलं आणि शरीराच्या पुढे, जोर दंडात नाही तर पाठीत. मी मागे सरकलो की आधी हातातला ढिलेपणा संपतो, मग ताण चढतो, मग ती निघते. मधल्या त्या क्षणाला मी थांबतच नव्हतो. सिग्नल पाठवायचा आणि अ‍ॅक्नॉलेजमेंटची वाट बघायची नाही, असा माझा कारभार. तिला एखादा ठेका लांबवायचा असला तर तेही हातातूनच कळतं. तेव्हा आपण थांबायचं. हे मला सगळ्यात जड गेलं.

मग घरी पंचा घेतला. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. पंचा लोंबता कामा नये आणि झटकाही बसता कामा नये. तीन दिवस झटकेच. चौथ्या दिवशी ही डोळे मिटून हॉलभर माझ्यामागे फिरली. मंगळवारी माझ्याआधी गाडीत जाऊन बसली.

चला, आता खुर्च्या भिंतीला लावा. अंगठ्या, घड्याळं काढून ठेवा. जोडीदाराचा हात धरा, पण अंगठ्याने दाबू नका. काकू, तुम्हीसुद्धा या. काकांना मी बोलावतो.