तळटीपेतला खुशाल खान



  प्रथेप्रमाणे अनुवादकांच्या या संमेलनाच्या अध्यक्षाने वर्षभरातल्या अनुवादांचा आढावा घ्यायचा असतो. कादंबऱ्या भरपूर आल्या, नाटकं बऱ्यापैकी आली, कविता फारच थोडी. आढावा इथेच थांबवते, कारण कवितेपाशी आलं की मला एक माणूस आठवतो आणि त्याच्याविषयी बोलायची वाट मी फार वर्षं पाहते आहे.

खुशाल खान खट्टक. हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलंय, आणि ते शिवचरित्राच्या ओघात ऐकलंय. १६७२ साली खैबर खिंडीत अफगाण टोळ्यांनी मोगल फौजेचा धुव्वा उडवला; त्या बंडात खुशालही उतरला. १६७४ मध्ये औरंगजेब स्वतः हसन अब्दालला जाऊन बसला, दक्षिणेतला दिलेरखान तिकडे बोलावला गेला, आणि त्याच वर्षी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. तिकडच्या लढाईने इकडचा दाब कमी झाला, हे इतिहासकार जदुनाथ सरकारांनी दाखवून दिलं. ते खरंच आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. माझी तक्रार पुढची आहे. खुशाल खानाचं आपल्याशी असलेलं नातं आपण तिथेच संपवलं. आपल्या इतिहासाला तो जेवढा उपयोगी पडला तेवढा घेतला आणि ‘तो कवीही होता’ एवढं तळटीपेत लिहून पान उलटलं. तो ‘ही’ मला कित्येक वर्षं बोचतो आहे.

खुशाल जन्मला १६१३ साली, पेशावर आणि अटकच्या मधल्या अकोड्याला. पणजोबा मलिक अकोडे याला अकबराने त्या राजरस्त्याची राखण दिली होती. १६४१ साली वडील शाहबाज खान गेले आणि सरदारकी खुशालकडे आली. शाहजहानसाठी तो बल्ख-बदख्शानच्या मोहिमेत लढला, आणि मोगलांच्या बाजूने युसुफझाई पठाणांशीही लढला. १६६४ साली औरंगजेबाच्या हुकमाने त्याला पेशावरला पकडलं, दिल्लीला आणलं आणि पुढे रणथंबोरच्या किल्ल्यात ठेवलं. सुटल्यावर काही वर्षांनी त्याने बादशहाविरुद्ध तलवार उपसली. इथवरची गोष्ट आपल्याला आवडते. पण रणथंबोरमध्ये तो काय करत होता?

तो लिहीत होता. ‘फिराकनामा’ हे विरहाचं काव्य तिथलं. ‘दस्तारनामा’ हा गद्य ग्रंथही तिथलाच, १६६५ सालचा. डोक्यावर पागोटं बांधायची लायकी कुणाची, हा त्याचा विषय. खुशाल वीस हुन्नर आणि वीस गुण सांगतो. तिरंदाजी आणि घोडेस्वारी त्यात आहेच. पण कविता, हस्ताक्षर, पोहणं, शेती, व्यापार, मुलांना वाढवणं, संगीत, बुद्धिबळ, चित्रकला हेही आहे. आणि सगळ्यांत आधी आहे स्वतःला ओळखणं. बेड्यांतला माणूस चित्रकलेला तलवारीच्या पंक्तीला बसवतो, यावर आपल्याकडे एक तरी परिसंवाद व्हायला नको होता का?

त्याच्याआधीचं पश्तू गद्य यमकांनी जखडलेलं होतं. बायजीद अन्सारी आणि अखुंद दरवेजा या एकमेकांच्या कट्टर विरोधक धर्मोपदेशकांनीही ते तसंच लिहिलं. खुशालने ते मोकळं केलं. ससाण्यांच्या पालनावर त्याने ‘बाजनामा’ लिहिला, वैद्यकावर ‘तिब्बनामा’ लिहिला, लघुलिपी तयार केली. स्वातच्या खोऱ्यात गेला तेव्हा तिथल्या डोंगर-पाण्याचं वर्णन केलं आणि तिथे पूज्य मानल्या जाणाऱ्या दोन पुस्तकांवर, म्हणजे दरवेजाच्या ‘मखजन’वर आणि शेख मलीच्या जमीनवाटपाच्या ‘दफ्तर’वर, उघड हल्ला चढवला. गझला, रुबाया, कसीदे तर विचारूच नका. स्वतःच्या जमातीला फितुरीबद्दल त्याने जेवढं झोडपलं तेवढं शत्रूनेही झोडपलं नसेल. पोटचा मुलगा बहराम मोगलांना मिळाला, तो रागही कवितेत जसाच्या तसा आहे.

काल दुपारी इथे वाद झाला. एक मित्र म्हणाले, तो मुळात योद्धा, कविता हा फावल्या वेळचा उद्योग. दुसरे म्हणाले, जहागिरीला धक्का लागला म्हणून उलटलेला मनसबदार, त्याला एवढं डोक्यावर कशाला घ्यायचं? दोघांनाही माझं उत्तर पुण्यातलं आहे. पुण्यात शिकायला पुष्कळ अफगाण मुलं आली आहेत. त्यांतला नंगरहारचा एक मुलगा, वाणिज्य शाखेचा, मला पश्तू वाचायला शिकवत असे. हसन अब्दाल त्याला ठाऊक नव्हतं. मनसब म्हणजे काय तेही नाही. पण मी खुशालच्या गझलेची एक ओळ अडखळत वाचली की पुढची ओळ तो पुस्तकाकडे न बघता म्हणायचा, आणि माझा उच्चार चुकला तर तिथेच थांबवायचा. त्याच्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, तिच्याकडून त्याला त्या ओळी मिळाल्या होत्या. साडेतीनशे वर्षांमागची लढाई विसरली गेली आणि गझल स्वयंपाकघरात टिकली. योद्धा आधी की कवी आधी, हे त्या आजीने ठरवून टाकलं आहे.

मी काही कवितांचा मराठी अनुवाद एका प्रकाशकाकडे दिला, तेव्हा उत्तर आलं: महाराजांवरचं प्रकरण आधी घाला, ससाण्यांच्या कविता कमी करा. मी हस्तलिखित परत आणलं. आजही तेच करीन. रॅव्हर्टीने १८६२ साली पश्तू कवींची निवड इंग्रजीत छापली, बेल्यूने १८६९ साली पेशावरला खुशालचा संग्रह छापला. परक्या अधिकाऱ्यांना त्याची कविता शोधावीशी वाटली. इक्बालने ‘बाल-ए-जिब्रील’मध्ये त्याच्या अंतिम इच्छेवर कविता लिहिली: मोगल घोडेस्वारांच्या टापांची धूळ वाऱ्याने येणार नाही अशा जागी मला पुरा. आणि आपण, ज्यांना त्याच्या युद्धाचा प्रत्यक्ष फायदा झाला, त्याला एक पूर्ण पुस्तक देऊ शकलो नाही!

अनुवाद इंग्रजीवरून केला तर काय बिघडलं, असंही काल विचारलं गेलं. बिघडतं. पश्तू छंद बोलीच्या आघातांवर चालतो. तो कानाने घ्यावा लागतो, आणि ते कान आपल्या शहरांत, चहाच्या टेबलापलीकडे बसले आहेत.

कामं पुष्कळ आहेत. एक निवडक संग्रह हवा, थेट पश्तूवरून. ‘दस्तारनामा’ पूर्ण हवा. आणि एक काम आपल्या अगदी शेजारचं आहे. खुशालचा थोरला मुलगा अश्रफ खान, टोपणनाव हिजरी, स्वतः चांगला कवी. औरंगजेबाने त्याला कैद करून विजापूरला ठेवलं. तो तिथेच वारला. आपल्या या दख्खनमध्ये बसून एक पठाण पश्तूत घरच्या डोंगरांसाठी झुरत होता, आणि त्याला मराठीत आणायला हवं. कोणी, कसं, कोणत्या पैशाने, हे अजून ठरलेलं नाही. निधीसाठी मी अर्ज करणार आहे. ज्यांना अरबी-फारसी लिपी वाचता येते, निदान शिकायची तयारी आहे, त्यांनी दुपारच्या सत्रानंतर मला गाठावं. पाचजण मिळाले तरी या पावसाळ्यात सुरुवात करू.